पिंपांच्या आवारातील फुटबॉल

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून महर्षी कर्वे मार्गाने मंत्रालयाच्या दिशेने चालू लागले, की डाव्या हातास ओव्हल मैदानाची हिरवळ बराच वेळ सोबत करते. ती संपली, रस्ता ओलांडला, की पुढे भिंतीआड दडलेले एक लहानसे क्रीडांगण लागते. मंत्रालयात कामासाठी निघालेली माणसे बगलेत कागदांची भेंडोळी घेऊन त्याच्यासमोरून झपझप निघून जातात. भिंतीपलीकडे काय आहे हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते, आणि पलीकडे एके काळी काय होते हे तर त्याहूनही थोड्यांना. क्रिकेटच्या ब्रेबोर्न आणि वानखेडे या दोन मोठ्या क्रीडागारांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेले हे कूपरेजचे मैदान. मुंबईच्या फुटबॉलचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास या चिमुकल्या चौकोनाभोवती फिरला आहे, आणि त्या इतिहासात आपल्या ख्रिस्ती समाजाचा वाटा मोठा असूनही मराठीत तो फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही, याची रुखरुख आम्हांला नेहमी वाटत आली आहे.

‘कूपरेज’ या नावात फुटबॉलचा मागमूसही नाही. कूपर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा कारागीर. शिडाच्या जहाजांच्या काळात लांबच्या सफरीवर पाणी, खारवलेले मांस, मद्य सारे काही पिंपांतूनच न्यावे लागे. त्यामुळे आरमार जिथे, तिथे पिंपांचा कारखाना हा असायचाच. फळ्या वाफेवर वाकवायच्या, त्यांना लोखंडी पट्ट्या ठोकून बसवायच्या, आणि एकही थेंब गळू नये अशी सांध्यांची जुळणी करायची, हे त्या कारागिरांचे काम. मुंबईच्या आरमारासाठी ही ठोकाठोक जिथे चाले, त्या परिसराला ते नाव चिकटले ते कायमचेच. जहाजे वाफेवर चालू लागली, पिंपे गेली, कूपर गेले. नाव मात्र मैदानाला, रस्त्याला आणि शेजारच्या बँडस्टँडच्या बागेला वारशाने मिळाले.

त्या काळी हा सारा भाग किल्ल्याबाहेरचा मोकळा पट्टा होता. तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून तटापुढची जमीन मोकळी ठेवलेली असे. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले, तरी त्या मोकळ्या जमिनीचे तुकडे ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान या रूपांनी शिल्लक राहिले. बॅक बेचा समुद्रही तेव्हा आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होता. आज जिथे मंत्रालय उभे आहे तिथे पाणी होते. कुलाब्याला गोऱ्या पलटणींच्या बराकी होत्या. परदेशी हवेत कंटाळलेल्या शिपायांना दारूच्या गुत्त्यांपासून दूर ठेवायचे तर त्यांना संध्याकाळी घाम गाळायला लावणे हा रामबाण उपाय, असे त्यांच्या अधिकाऱ्यांचे मत होते. फुटबॉल हिंदुस्थानात रुजला तो असा, छावण्यांच्या वाटेने.

१८८८ साली सिमल्यास ड्युरँड चषक सुरू झाला, १८८९ साली कलकत्त्यास ट्रेड्‌स चषक, आणि १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक. देशातील अगदी जुन्या स्पर्धांत रोव्हर्सचा क्रम तिसरा लागतो. पहिल्या वर्षी तो वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने जिंकला आणि पुढची पस्तीस-चाळीस वर्षे विजेत्यांच्या यादीत पलटणींचीच नावे येत राहिली. १९०२ साली मुंबईची हार्वूड लीग सुरू झाली आणि १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. मैदानाचा कारभार, लीगचे वेळापत्रक, रोव्हर्सची निमंत्रणे हे सारे पुढे याच संस्थेच्या हाती आले आणि कूपरेज हे तिचे घर झाले.

याच १९११ च्या जुलै महिन्यात कलकत्त्यात मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. बूट घातलेल्या राज्यकर्त्यांचा अनवाणी प्रजेने केलेला तो पराभव बंगालच्या राष्ट्रीय स्मृतीत कायमचा कोरला गेला. मुंबईत असा दिवस यायला फार वेळ लागला. १९२३ साली मोहन बागानचा संघ रोव्हर्ससाठी मुंबईत आला, अंतिम फेरीपर्यंत धडकला आणि तिथे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून ४-१ असा हरला. पराभव तसा मोठा होता. पण पलटणींच्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी धोतर-टोपीतला प्रेक्षक आपल्या माणसांसाठी ओरडू शकला, ही गोष्ट मुंबईकरांच्या दृष्टीने लहान नव्हती.

चषक प्रथम हिंदी लोकांच्या हाती आला तो १९३७ साली, आणि तो कलकत्त्याच्या नव्हे तर बंगलोरच्या संघाने जिंकला. बंगलोर मुस्लिम्स हे त्या संघाचे नाव. पुढच्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला. १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रोव्हर्स आणि ड्युरँड असे दोन्ही मान एकाच मोसमात मिळविले. नावे वाचून आजच्या वाचकाच्या कपाळाला आठी पडेल. पण तो काळच तसा होता. मुंबईचे क्रिकेटही तेव्हा हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा जातवार संघांत वाटलेले होते. त्या संघांना निव्वळ जातीय म्हणून बाजूला सारणे आम्हांला पटत नाही. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली, त्यामागे नावापेक्षा शिस्त आणि व्यवहारज्ञान अधिक होते. पावसाळी, निसरड्या मैदानावर अनवाणीपणाचा अभिमान मिरवण्यापेक्षा हलके बूट चढवलेले बरे, हे इतरांच्या आधी त्यांना उमजले होते.

पावसाचा विषय निघाला म्हणून सांगावेसे वाटते, की मुंबईचा फुटबॉल समजून घ्यायचा तर आधी मुंबईचा पाऊस समजून घेतला पाहिजे. क्रिकेटची खेळपट्टी झाकली जाते तेव्हा फुटबॉलचे दिवस सुरू होतात, ही या शहराची जुनी रीत. लीगचे सामने भर पावसाळ्यात होत. दोन-चार सरी कोसळल्या, की गोलसमोरच्या भागाचे तळे होई. तिथे मारलेला चेंडू पाण्यात रुतून जागच्या जागी बसे आणि धावत आलेला खेळाडू त्याच्यावरून घसरत पुढे निघून जाई. शिवणीचा कातडी चेंडू पाणी पिऊन इतका जड होई, की तो डोक्याने मारणे म्हणजे एक धाडसच. उत्तरेकडून किंवा दक्षिणेच्या कोरड्या पठारावरून आलेले नामांकित संघ इथल्या चिखलात चाचपडत. स्थानिक पोरे मात्र या चिखलातच लहानाची मोठी झालेली असत. चेंडू कुठे थांबेल आणि कुठे उसळेल, हे त्यांना पायाच्या अंगठ्याने कळे.

अनवाणी खेळण्याची सवय स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपला संघ फ्रान्सविरुद्ध बहुतांशी अनवाणीच उतरला आणि २-१ असा थोडक्यात हरला. १९५० नंतरच्या दशकात मात्र बूट सक्तीचे झाले आणि खेळाचे रूपच पालटले.

त्या पालटाचे उत्तम दर्शन कूपरेजला घडले ते हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या रूपाने. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे त्यांनी रोव्हर्स चषक जिंकला. एकाच संघाने लागोपाठ पाच वेळा तो नेण्याचा असा पराक्रम दुसऱ्या कोणी केलेला नाही. या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने खरोखरच शिक्षक होते. उंच लाथाडलेल्या चेंडूमागे धावत सुटणे ही गोऱ्या पलटणींची रीत. तीच आपल्याकडे बरीच वर्षे आदर्श मानली गेली. रहीमसाहेबांनी चेंडू जमिनीवर आणला. आखूड पास, जागा बदलत राहणे आणि एका स्पर्शात पुढे देणे हा त्यांचा पाठ होता. दुबळा पाय बळकट व्हावा म्हणून ते केवळ त्या पायानेच खेळायचे सामने भरवीत. चांगला गुरू विद्यार्थ्याच्या उजव्या हाताचे कौतुक करीत न बसता डाव्याला कामाला लावतो, हे त्यांना नेमके कळले होते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांतील सुवर्णपदके त्यांच्याच हाताखालच्या संघांनी मिळविली. १९६३ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर भारतीय फुटबॉलने त्या उंचीकडे पुन्हा पाहिले ते केवळ मान वर करून.

पण पाहुण्यांच्या पराक्रमाने मैदान जिवंत राहत नाही. ते राहते वर्षभर तिथे खेळणाऱ्यांच्या जोरावर. ते खेळणारे कोण होते? टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, महिंद्र, पश्चिम आणि मध्य रेल्वे, बंदर विभाग, पोलीस, पुढे एअर इंडिया, बँका आणि खतांचा कारखाना अशा आस्थापनांचे हे संघ होते. १९५८ साली कॅलटेक्सने आणि १९६५ साली मफतलालने रोव्हर्स चषक मुंबईतच ठेवला. १९५४-५५ मध्ये मुंबईने आणि १९६३-६४ मध्ये महाराष्ट्राने संतोष चषकही जिंकला. खेळाडूला कंपनी नोकरी देई. तो सकाळी कारकुनी करी किंवा यंत्रावर उभा राही, दुपारी सुट्टी घेऊन सरावाला जाई, आणि गुडघा निकामी झाल्यावरही पगाराचा धनी राही. हे व्यावसायिक फुटबॉल नव्हते, की शुद्ध हौसेचेही नव्हते. दोहोंच्या मधली ही व्यवस्था मुंबईने आपल्या गिरण्या आणि कचेऱ्यांच्या बळावर उभी केली होती. तिची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. आम्ही मात्र असे म्हणू, की चाळीतल्या मुलाला पायातल्या कौशल्यावर म्हातारपणाची भाकरी मिळवून देणारी दुसरी व्यवस्था या देशाने फुटबॉलसाठी आजवर निर्माण केलेली नाही.

इथेच आपल्या समाजाचा धागा या कथेत गुंफला जातो. गोव्यात फुटबॉल नेला तो एका धर्मगुरूने. १८८३ साली प्रकृतीच्या कारणास्तव शिवोली येथे येऊन राहिलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तेथील मुलांना हा खेळ शिकविला. शाळा आणि चर्चच्या आवारातून तो गावोगाव पसरला. पुढे पोटासाठी गोवेकर मुंबईस आले. कोणी आगबोटींवर खलाशी वा खानसामा झाले, कोणी वाद्यवृंदात वाजवू लागले, कोणी कचेरीत टंकलेखक. धोबीतलाव आणि कावेल परिसरात त्यांनी आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ स्थापल्या. एका मोठ्या खोलीत भिंतीशी ओळीने लावलेल्या पेट्या, कोपऱ्यात गावच्या पालक संताची वेदी, सायंकाळी सामुदायिक रोझरी आणि महिन्याचे नाममात्र भाडे, असा तो संसार. बोटीची वाट पाहत थांबलेल्या तरुणांच्या हाती वेळ भरपूर असे, पैसा नसे. आणि फुटबॉलइतका स्वस्त खेळ दुसरा नाही. धोबीतलावाहून कूपरेज पायी गाठता येते. १९६१ पूर्वी, विशेषतः १९५५ नंतरच्या आर्थिक नाकेबंदीच्या वर्षांत, गोवा ही परकी हद्द होती. सुट्टीत गावी जाणे म्हणजे परवान्यांचे दिव्य. अशा वेळी कूपरेजच्या पायऱ्यांवर शेजारी बसलेल्या माणसाने कोकणीतून एखाद्या चुकलेल्या नेमावर घातलेली शिवी, ही त्या तरुणांना गावचीच भेट वाटत असली पाहिजे. बांद्रा, माहीम, माझगाव, भायखळा येथील ख्रिस्ती वस्त्यांतही हेच वेड होते. फरक इतकाच, की तिथे हॉकीची स्टिकही तितक्याच प्रेमाने हाती घेतली जाई.

या वस्त्यांतून आणि मैदानांतून वर आलेल्यांत सर्वांत मोठे नाव नेव्हिल डिसोझा यांचे. १९३२ साली जन्मलेले नेव्हिल टाटांच्या संघातून खेळत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी रहीमसाहेबांनी निवडलेल्या संघात ते मधले आघाडीवीर होते. मुंबईचेच गोलरक्षक एस. एस. नारायण हेही त्या संघात होते. हंगेरीने माघार घेतल्याने आपल्याला पुढे चाल मिळाली आणि उपान्त्यपूर्व फेरीत गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी. १ डिसेंबर १९५६ रोजी झालेल्या त्या सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच भूमीवर ४-२ असे हरविले आणि त्या चारांपैकी तीन गोल नेव्हिल यांचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला. पण नंतर प्रतिपक्षाने चार चढविले. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने आपल्याला ३-० असे नमविले. चौथा क्रमांक मिळाला. भारताने ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये गाठलेले ते आजवरचे सर्वांत उंच शिखर आहे. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीच्या शिरोभागी जी तीन नावे बरोबरीने आली, त्यांत एक बल्गेरियाचे, एक युगोस्लाव्हियाचे आणि एक मुंबईच्या या ख्रिस्ती तरुणाचे होते.

नेव्हिल यांचे १९८० साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, निधन झाले. क्रिकेटमध्ये याच्या चतुर्थांश कर्तृत्वावर माणसाचे चरित्र लिहिले जाते. त्यांच्यावर मराठीत एखादे पुस्तक सोडाच, पाठ्यपुस्तकातला एक धडाही आमच्या पाहण्यात नाही.

दुसरे नाव फोर्तुनातो फ्रँको यांचे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले हे मध्यफळीचे खेळाडू. १९६० च्या रोम ऑलिम्पिक संघात त्यांची निवड झाली होती. आणि १९६२ साली जाकार्ता येथे, विरोधी घोषणांनी दुमदुमलेल्या क्रीडागारात, दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघातही ते होते. पुढे ते गोव्यास परतून साळगावकर संघाकडून खेळले. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या दिवसांत, त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत मृत्यूच्या बातम्या इतक्या होत्या, की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावरची ही बातमी बहुतेकांच्या नजरेतून सुटली असावी.

आपल्या माणसांची नावे अशी अभिमानाने घेताना एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. कूपरेज हे आपले होते, पण केवळ आपले कधीच नव्हते. नेव्हिल यांना घडविणारे शिक्षक हैदराबादचे मुसलमान होते, नारायण मूळचे केरळचे, आणि मेलबर्नच्या संघाचे कर्णधार समर बॅनर्जी बंगाली. प्रेक्षागाराचेही तेच. रोव्हर्सच्या दिवसांत मोहमेडन स्पोर्टिंगसाठी नागपाडा आणि भेंडीबाजारातून लोक येत. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यावरून मुंबईतले बंगाली आपसांत अबोला धरीत. सचिनदेव बर्मन ईस्ट बंगालचे आणि मन्ना डे मोहन बागानचे, ही चित्रपटसृष्टीतली प्रसिद्ध दुफळी. दिलीपकुमार फुटबॉलचे निस्सीम भक्त, आणि पडद्यावर खलनायकी करणाऱ्या प्राण यांनी तर ‘डायनॅमोज’ नावाच्या संघाला आश्रय दिला होता. गोव्याचा संघ आला, की धोबीतलाव ओस पडे. एरवी आपापल्या मोहल्ल्यांत राहणारी ही मुंबई कूपरेजच्या बाकांवर खांद्याला खांदा लावून बसे आणि पंचांना शिव्या देताना तिची भाषा एक होई. ती भाषा छापण्याजोगी नसे, इतकेच.

१९६१ नंतर गोव्याची दारे उघडली आणि कूपरेजवर गोव्याचे क्लब मानाने उतरू लागले. सत्तरच्या दशकात देम्पोने रोव्हर्स चषक मांडवीकाठी नेला; ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत साळगावकरनेही नेला. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक आणि ब्रुनो कुतिन्होसारखा गोल टिपणारा खेळाडू मुंबईकरांनी याच मैदानावर पाहिला. आरंभी मुंबई ही गोव्याच्या खेळाडूंची अन्नदाती होती. आता गोवाच मुंबईच्या मुलांना बोलावू लागला. पारडे कसे फिरले ते इथे दिसते, आणि त्याची कारणेही फार दूर शोधावी लागत नाहीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधी मिटलाच नाही असे म्हणतात. गिरण्या मात्र मिटल्या. गिरणी गेली तिथे गिरणीचा संघही गेला. १९८३ साली भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि जाहिरातदारांच्या थैल्यांची दिशा ठरून गेली. १९८६ साली मेक्सिकोचे सामने दूरदर्शनवर थेट दिसले. माराडोनाला पाहिलेल्या डोळ्यांना कूपरेजवरचा चिखल एकाएकी दरिद्री वाटू लागला. १९९१ नंतर कंपन्यांच्या हिशेबनिसांनी प्रत्येक खर्चापुढे प्रश्नचिन्ह काढावयास सुरुवात केली, आणि खेळाडूंची भरती हा त्यांतला सर्वांत सहज खोडता येणारा आकडा ठरला. अनेकजण सारा दोष क्रिकेटच्या माथी मारतात. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. क्रिकेटने फुटबॉलचा प्रेक्षक नेला असेल, पण खेळाडू नेला तो बंद पडलेल्या नोकरीने. ज्या खेळातून घर चालणार नाही त्यात मुलाची दहा वर्षे घालविण्यास कोणती आई तयार होईल?

१९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि जुन्या निमंत्रणांच्या स्पर्धा मागे पडल्या. २०००-०१ च्या मोसमात रोव्हर्स चषक अखेरचा खेळला गेला आणि तो मोहन बागानने जिंकला. एकशे दहा वर्षांच्या स्पर्धेला निरोप देण्यासाठी कोणताही समारंभ झाला नाही, कारण ती संपली आहे हे कोणी जाहीरच केले नाही. पुढच्या वर्षी ती झाली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही झाली नाही, आणि मग लोकांनी विचारायचे सोडून दिले. मधल्या काळात महिंद्र युनायटेडने एकदा जोराची ज्योत पेटविली. डेरिक परेरा या गोवेकर शिक्षकाच्या हाताखाली या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि देशाचे विजेतेपद मुंबईत आले. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ विसर्जित केला. एअर इंडियाचा संघ क्लबसाठी ठरविलेल्या नव्या निकषांत बसेना, म्हणून २०१३ मध्ये राष्ट्रीय लीगबाहेर पडला. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफ.सी. हा संघ कूपरेजवर काही मोसम खेळला आणि २०१७ मध्ये तोही मिटला. स्टीव्हन डायससारखा मुंबईचा मुलगा राष्ट्रीय संघाच्या उजव्या बगलेवर २०११ च्या आशिया चषकापर्यंत पोहोचला, तो या जुन्या शिडीच्या शेवटच्या पायऱ्या चढून.

मैदानही बदलले. २०१० नंतरच्या वर्षांत जुने स्टँड पाडले गेले आणि कृत्रिम हिरवळ अंथरली गेली. आज तिथे सुमारे पाच हजार माणसे बसू शकतात. कृत्रिम हिरवळीवर चिखल होत नाही, तळे साचत नाही, ऐन श्रावणातही चेंडू सरळ धावतो. हा बदल वाईट आहे असे म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. दिवसाला अनेक सामने खेळविता येतात, शाळकरी मुलांमुलींच्या वाट्याला तास येतात. जुन्या चिखलात मोडलेली हाडे ज्यांनी पाहिली आहेत ते त्या चिखलाची गाणी गात नाहीत. मोठे सामने आता नेरूळच्या आणि अंधेरीच्या क्रीडागारांत होतात. जून २०१८ मध्ये कर्णधार सुनील छेत्री यांनी चित्रफितीतून हात जोडून प्रेक्षकांना साद घातली, ती अंधेरीतल्या रिकाम्या खुर्च्या पाहून. त्या हाकेनंतर केनियाविरुद्धचा सामना, जो छेत्री यांचा शंभरावा होता, भर पावसात तुडुंब गर्दीत खेळला गेला. देशाच्या कर्णधाराला प्रेक्षकांची अशी विनवणी करावी लागते, हे कूपरेजच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या पिढीला सांगितले असते तर तिने विश्वास ठेवला नसता.

हार्वूड लीगचा वारसा मुंबई जिल्हा संघटनेने आपल्या निरनिराळ्या विभागांच्या लीगमधून पुढे चालविला आहे. त्यात रेल्वे आहे, बँका आहेत, आणि पालकांकडून शुल्क घेऊन चालणाऱ्या नव्या अकादमीही आहेत. पूर्वी खेळाडूला पगार मिळे. आता बापाला फी भरावी लागते. धोबीतलावच्या कूड मोडकळीस आल्या आहेत, वसई-विरारहून पहाटेच्या गाडीने किट खांद्यावर टाकून येणारी मुले वाढली आहेत. वांद्र्याच्या रेक्लमेशनवर एका मैदानाला नेव्हिल डिसोझा यांचे नाव दिले गेले आहे आणि जिल्हा लीगचे बरेच सामने तिथे होतात.